बहिणीचा हिस्सा आणि बहिणीची रजामंदी

मूल, सावली, सिंदेवाही या धानपट्ट्यात घरचा कर्ता माणूस गेला की चाळिसाव्यापर्यंत जमिनीचा विषय सहसा कोणी काढत नाही. मग कागद सुरू होतात: मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, तलाठ्याकडे अर्ज, फेरफार. यादीत मुलींची नावे येतात. त्यानंतर पुष्कळ घरांत आणखी एक कागद तयार होतो, हक्कसोडपत्र. बहिणी सही करतात आणि सातबाऱ्यावरून त्यांची नावे निघून जातात. भाऊ सांगतो, ‘उसने खुशी से छोड़ दिया.’ बहिणीला विचारले तर तीही तेच सांगते.

ही ‘खुशी’ नेमकी काय असते? तिच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. 1847 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात खोजा समाजातील मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुरआनप्रमाणे वाटा मागितला. हिरबाई विरुद्ध सोनाबाई या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. त्याच्याच जोडीला कच्छी मेमन समाजातील असाच एक दावा होता. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे साक्षी झाल्या. समाजातील वजनदार माणसांनी सांगितले की आमच्यात मुलींना वाटा देण्याची चाल नाही. न्यायालयाने रूढी मान्य केली आणि मुलींचा दावा फेटाळला. निकाल इंग्रज न्यायाधीशाने दिला हे खरे, पण मुलींच्या विरोधात साक्षी देणारे त्यांचेच जातभाई होते. त्या माणसांचा नमाज-रोजा सुटला नव्हता. सुटला होता तो फक्त सूरह निसामधला हिशेब.

आता आपल्या भागाकडे येऊ. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि गडचिरोली 1982 पर्यंत त्याचाच भाग होता. मध्य प्रांतासाठी 1875 मध्ये कायदा झाला. वारसा, विवाह, मेहर अशा बाबतीत पक्षकार मुसलमान असतील तर मुस्लीम कायदा लावावा, असे त्याच्या कलम 5 मध्ये होते. म्हणजे कागदावर मुलीचा हक्क तेव्हापासून मान्य आहे. मात्र त्याच कलमाला एक परंतुक होते. एखाद्या समाजात किंवा कुटुंबात वेगळी रूढी सिद्ध झाली आणि ती न्याय, समन्याय व सदसद्विवेक यांच्या विरुद्ध नसेल, तर रूढी चालेल. ‘सदसद्विवेक’ हा शब्द कायद्यात आला खरा, पण एखादी रूढी त्याला सोडून आहे हे सांगण्यासाठी कोर्टापर्यंत जायचे कोणी? सख्ख्या भावावर दावा लावणारी बहीण तेव्हाही विरळा होती आणि आजही विरळाच आहे.

1937 मध्ये शरियत कायदा आला. रूढीमुळे मुस्लीम स्त्रियांचे हक्क बुडतात, अशी तक्रार मुस्लीम महिलांच्या संघटनांनी केली होती आणि विधेयकाच्या उद्देशात तिचा उल्लेख होता. रूढी बाजूला सारून शरियत लागू करणे हेच त्या कायद्याचे काम. पण कलम 2 मध्ये कंसात एक ओळ आहे: शेतजमिनीचे प्रश्न वगळून. 1935 च्या भारत सरकार कायद्यात शेतजमिनीचा वारसा प्रांतांच्या अखत्यारीत होता, हे त्याचे तांत्रिक कारण. जमीनदारांना ते सोयीचे होते, ही दुसरी बाजू. ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेत, तिथे बहिणीला घराच्या भिंतीत वाटा मिळाला आणि शेत कंसाबाहेर राहिले. पुढे दक्षिणेतील काही राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या करून ते शब्द काढून टाकले.

इथवर दोष न्यायालयाचा, सरकारचा, कायद्याच्या भाषेचा. पण आज मूलच्या तहसील कार्यालयात वारस म्हणून मुलींची नावे लागतात. नाव लावायला कोणी हरकत घेत नाही. ते नाव काढून घेण्याचे काम घरात होते, आणि घरात काय चालावे हा नीतीचा प्रश्न आहे.

मुस्लीम विचारपरंपरेत नीतिशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे, तिला अखलाक म्हणतात. तेराव्या शतकात नासिरुद्दीन तूसी यांनी ‘अखलाक-ए-नासिरी’ लिहिला. त्याचे तीन भाग आहेत: माणसाने स्वतःला कसे घडवावे, घर कसे चालवावे आणि राज्य कसे चालवावे. मधल्या भागाचे नाव तदबीर-ए-मंझिल, म्हणजे घराचा कारभार. हा ग्रंथ मुघल दरबारात वाचला जाई. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की घर हा खाजगी मामला आहे, तिथे न्यायाचा संबंध नाही, असे या परंपरेने कधी मानले नाही. राजाला जो अदल लागतो, तोच घरच्या कर्त्यालाही लागतो.

तूसींच्या आधी, त्याच तूस गावचे इमाम गझाली (1058–1111) यांनी ‘इह्या-उल-उलूम’मध्ये रजामंदीचा प्रश्न फार बारकाईने मांडला आहे. नवऱ्याने बायकोला इतके छळले की तिने कंटाळून मेहर माफ केला. काझी म्हणेल, माफी वैध. गझाली म्हणतात, काझी फक्त जिभेवरचे शब्द पाहू शकतो. मनाच्या खुशीने दिले की सुटका करून घेण्यासाठी दिले, याचा निवाडा वेगळ्या ठिकाणी होतो. चारचौघांत मागून, लाजेपोटी द्यायला लावलेला पैसाही त्यांच्या लेखी जबरदस्तीने घेतल्यासारखाच आहे. अंगावर बसलेला चाबूक दिसतो, लाजेचा दिसत नाही, एवढाच फरक.

हे माप हक्कसोडपत्राला लावून पाहा. सही करताना बहिणीच्या मनात काय असते? ‘नाही म्हटले तर मैका तुटेल. ईदला कोण बोलावेल? माझ्या मुलीच्या लग्नात मामा उभा राहील का? उद्या नवऱ्याने घराबाहेर काढले तर जाऊ कुठे?’ भावाने एक शब्दही वाकडा बोललेला नसतो. तरीही तिच्यापुढे दोनच गोष्टी ठेवलेल्या असतात, जमीन किंवा माहेर. ज्या निवडीत नकाराची किंमत अख्खे माहेर असते, तिला रजामंदी म्हणता येत नाही.

आता आकडे पाहू, कारण या विषयात सगळे मोघम बोलतात. समजा एक माणूस वारला. मागे पत्नी, तीन मुलगे, एक मुलगी. आईवडील आधीच गेलेले, कर्ज फेडलेले. धानाची जमीन 8 एकर. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे 1 एकर. उरलेल्या 7 एकरांचे सात भाग: प्रत्येक मुलाला दोन, मुलीला एक. म्हणजे मुलगे 2-2 एकर आणि मुलगी 1 एकर. मुलीला अर्धा का, हा प्रश्न बिगरमुस्लीम मित्र विचारतात आणि त्यावर चर्चा जरूर व्हावी. पण जो भाऊ व्यासपीठावर त्या अर्ध्याचे समर्थन करतो आणि घरी बहिणीला शून्य देतो, त्याला त्या चर्चेत बोलण्याचा अधिकार राहत नाही.

भावांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, तिचा वाटा लग्नात, जहेजमध्ये दिला. पण मुस्लीम कायद्यात बाप जिवंत असताना कोणी वारस नसतो. हयातीत दिलेली भेट वारशातून वजा होत नाही. शिवाय जहेज बहुधा तिच्या हातात नसते, सासरी जाते. दुसरे म्हणणे, आईवडिलांना आम्ही सांभाळले. हे अनेकदा खरे असते. पण 2007 च्या आईवडील निर्वाह कायद्याने ती जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांवर ठेवली आहे. खर्चाचा हिशेब मांडायचा असेल तर उघड मांडावा. तो बहिणीच्या अख्ख्या हिश्शाएवढा कसा होतो, हेही दाखवावे. तिसरे म्हणणे, जमिनीचे तुकडे होतात. यावर फिक्हमध्ये उपाय आहे, त्याला तखारुज म्हणतात: वारसाने ठरलेला मोबदला घेऊन आपल्या वाट्यातून बाहेर पडणे. भावाने तो मोबदला बाजारभावाने द्यावा. एकदम जमत नसेल तर हप्ते लेखी ठरवावेत.

हा रोग एकट्या मुसलमानांचा नाही. महाराष्ट्राने 1994 मध्येच हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबर हक्क दिला, 2005 मध्ये केंद्राने देशभर दिला. तरी साडी-चोळीवर सह्या होतातच. कायदे दोन, रूढी मात्र एकच. त्यामुळे ‘त्यांच्यातही असेच चालते’ हे उत्तर दोन्हीकडच्यांनी सोडून द्यावे.

मग बहिणीने स्वखुशीने काही द्यायचेच नाही का? जरूर द्यावे. अखलाकमध्ये अदलच्या पुढची पायरी एहसानची आहे, म्हणजे हक्काचे असूनही उदारपणे सोडणे. पण पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात. आधी हक्क हातात आला पाहिजे, तरच तो सोडता येतो. हिबा, म्हणजे दान, याची शर्तही हीच आहे: देणाऱ्याने द्यायचे म्हणावे, घेणाऱ्याने घ्यावे आणि ताबा बदलावा. जिच्या ताब्यात जमीन कधी आलीच नाही, ती देणार काय?

म्हणून घराघरात एक साधा क्रम ठेवता येईल. सातबाऱ्यावर आधी बहिणीचे नाव लावा. तिच्या वाट्याच्या बांधीची हद्द तिला दाखवा. एक हंगाम तिच्या वाट्याचे धान किंवा त्याचा पैसा तिच्या हातात द्या. ईदचे बोलावणे नेहमीसारखे जाऊ द्या. हक्कसोडपत्राचा विषय भावाने काढू नये. त्यानंतर तिने स्वतः येऊन म्हटले की भाईजान, हे तुम्हीच ठेवा, तर निश्चिंत मनाने घ्या. आणि तिने काहीच म्हटले नाही, तर पुढच्या हंगामातही तिचे धान तिच्या घरी पोहोचवा.