रुपयामागं एक आणा

आमच्याकडं माणदेशात जुनी माणसं प्राथमिक शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणत आणि तालुक्याच्या दवाखान्याला 'लोकल फंडाचा दवाखाना'. जिल्हा परिषद येऊन पंधरा-वीस वर्षं झाली तरी हे शब्द त्यांच्या तोंडातून गेले नव्हते. फंड म्हणजे काय, हे मी एकदा आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "फंड म्हंजी आपलाच पैसा. साऱ्याबरुबर नेत्यात आन् साहेबाच्या सहीनं माघारी देत्यात. दिला तर."

आबांना कायदा ठाऊक नव्हता, पण त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा जादा पट्टी बसवली गेली. १८६९ च्या कायद्यानं तिला पक्कं रूप आलं. सारा बारा रुपये असला तर वर बारा आणे. त्यातले आठ आणे रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने अशा कामांना आणि चार आणे शाळांना, अशी वाटणी होती. कोंडवाड्याचं आणि नदीवरच्या नावांचं उत्पन्नही त्याच फंडात पडे. देणारा शेतकरी होता, पण कुठला रस्ता करायचा आणि कुठल्या गावाला शाळा द्यायची, हे कलेक्टरच्या कमिटीत ठरे. १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमकं हेच दुखणं मांडलं: पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांना.

१८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. काही जागा निवडणुकीनं भरू लागल्या, पण मत द्यायचा अधिकार इस्टेट असणाऱ्यांना, आणि बरीच वर्षं अध्यक्षाच्या खुर्चीत कलेक्टरसाहेबच. आमच्या गावाला तो बोर्ड ठाऊक होता तो दोनच गोष्टींमुळं. एक शाळेची कौलारू खोली, आणि दुसरी पांदीच्या तोंडाशी बांधलेली विहीर. रस्ता नव्हता. फाट्यापासून गाव तीन मैल आत, मधे ओढा.

महाराष्ट्र झाल्यावर वसंतराव नाईकांच्या समितीनं १९६१ साली अहवाल दिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. लोकल बोर्ड गेलं, स्कूल बोर्डही गेलं. आता शाळा, दवाखाना, गावाकडचे रस्ते, पाणी, सगळं निवडून दिलेल्या माणसांच्या हाती आलं. आबा सांगत, पहिल्या निवडणुकीत बैलगाड्या जुंपून माणसं मताला गेली. सेस मात्र तसाच साऱ्याबरोबर जात राहिला. आजही झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नाला मेंबर लोक 'सेस फंड' म्हणतात. आणा गेला, पण त्याची पट्टी नावानिशी टिकली.

तरी आमचा रस्ता काही झाला नाही. तो केला दुष्काळानं. १९७२ ला पाऊस पडलाच नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्यात आमची आई, दोन्ही चुलत्या आणि निम्मं गाव होतं. फाट्यापासून आत मातीकाम सुरू झालं. बाया खडी फोडत, गडी माती ओढत, मुकादम हजेरी घेई. आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं तिथंच घुटमळायचो. घमेल्यानं आणि पाटीनं तीन मैलांचा भराव उभा राहिला.

पुढं ही कामं रोजगार हमी म्हणून चालू राहिली, आणि त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. जितका कर जमेल तितकीच भर सरकारनं घालायची, असा तो हिशेब. माझा थोरला चुलता मुंबईला गिरणीत होता. दिवाळीला आला की कापलेल्या रुपयांवरून कुरकुर करायचा. आबा त्याला म्हणाले, "आरं, तुज्या पगारातलं गेलं म्हंजी तुज्या बायकूच्या हजेरीत आलं की." चुलती त्या वेळी त्याच रस्त्याच्या कामावर होती. चुलता गप्प झाला. कर कुठून निघतो आणि कुठं पोचतो, हे एकाच घरात इतकं उघड दिसलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

पण रोजगार हमीची एक मेख होती. खर्चातले साठ टक्के तरी मजुरीवर जायला हवेत, हा नियम. नियम चांगलाच, पोटासाठी केलेला. मात्र त्यामुळं मातीकाम व्हायचं आणि सिमेंटच्या नळ्यांची मोरी मागं राहायची. आमच्या ओढ्यावर तेच झालं. दोन्ही काठांपर्यंत रस्ता, मधे खड्डा. पावसाळ्यात ओढा भरला की गाव पुन्हा पहिल्यासारखं तुटायचं. एके श्रावणात एका बाळंतिणीला बाजेवर घालून काठावर आणलं. पाणी उतरायची वाट बघत रात्र गेली. पहाटे ती सुटली, मूल मात्र राहिलं नाही. त्यानंतर गावात मोरीवाचून दुसरं बोलणं नव्हतं.

मी तेव्हा नुकताच कॉलेज करून गावी आलो होतो, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्यांदाच कळलं, की रस्ता पायाखाली असून भागत नाही, तो रजिस्टरला असावा लागतो. राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी उतरंड असते. खालच्या दोन पायऱ्या झेडपीच्या. आमचा रस्ता त्यातल्या कशातच नव्हता, म्हणून त्याच्यावर पैसा टाकता येत नव्हता. त्याला ग्रामीण मार्गाचा नंबर मिळेपर्यंत तीन पावसाळे गेले. मग मेंबर म्हणाले, "सेसमधून देतो. पण रक्कम एका मोरीची, मागणारी गावं तीन. निम्मं तुम्ही उभं करा."

ग्रामपंचायतीकडं निम्मं कुठलं? घरपट्टी थकलेली. ग्रामसभेत सरपंचांनी थकबाकीची यादी वाचायला घेतली, तेव्हा खडी फोडायला गेलेली एक म्हातारी उठली. पावती वर धरून म्हणाली, "ह्यात दिवाबत्ती लिवलंय. आमच्या आळीला दिवा दावा, मी आत्ता भरते." सभा हसली. पण पुढं ती म्हणाली ते मोलाचं होतं. "मोरीसाठी वायली वही करा. कुणी किती दिलं आन् कशाला गेलं ते चावडीवर लावा. मग बघा." वही केली. दर शनिवारी कागद चावडीवर लागायचा. घरपट्टी बुडवणाऱ्यांनीसुद्धा पैसे आणून दिले. दोन महिन्यांत निम्मी रक्कम उभी राहिली, मोरी झाली, आणि दिवाळीच्या आत मुक्कामी एसटी गावात आली.

पुढं १९९३ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ नंतर, पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. गावात पेव्हर ब्लॉक आले, आळीला दिवेही लागले. पण पैसा वरून येतो म्हटल्यावर हिशेब विचारणारं कुणी उरलं नाही, आणि घरपट्टी आजही थकलेलीच आहे. इकडं २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या दिवसांत मोरी वाहून गेली तर माणसानं जायचं कुणाकडं? मेंबर नाही, सभा नाही, सही तेवढी साहेबाची.

आबा असते तर त्यांना यात नवं काही वाटलं नसतं. सेस तेव्हाही साऱ्याबरोबर जात होता, आताही जातो. मधल्या साठ वर्षांत एवढंच झालं होतं, की तो कुठं गेला हे विचारायला एक दार होतं. ते दार आपल्या हातानं उघडं ठेवावं लागतं.