चेनचं तेलपाणी: एका साखळीचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर कांट शिकवलात, आता मोटरसायकलच्या चेनला तेल घालायला शिकवणार?" मी म्हटलं, कांट शिकताना कुणाचं बोट गेलं नाही. चेन पुसताना गेलेलं मी पाहिलंय.

माझा एक विद्यार्थी होता. हुशार, हाताने काम करायची हौस असलेला. रविवारी सकाळी मित्राने गाडी साइड स्टँडवर तिरकी करून मागचं चाक उचलून धरलं, याने इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला आणि फिरत्या चेनला फडकं लावलं. फडकं आत ओढलं गेलं, त्याच्यामागून बोटं. दोन बोटांची टोकं गेली. दवाखान्यात मला म्हणाला, "सर, हळूच फिरत होती हो." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आजच्या व्याख्यानाचं निमित्त तेच आहे.

या मुलाला आपली चेन स्वतः साफ करावी लागते, ही परिस्थिती आली कुठून? ती निसर्गनियमाने आलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि माझ्या मते त्या इतिहासात एका जबाबदारीची हातबदली झालेली आहे.

साखळीने ओढण्याची कल्पना जुनी आहे. आपल्या विहिरींवरचं रहाटगाडगं म्हणजे मडक्यांची माळच. चीनमध्ये सु सोंगने अकराव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या खगोलघड्याळाच्या मनोऱ्यात शक्ती वर पोचवायला साखळी होती. लिओनार्दोच्या वह्यांमध्ये तर आजच्या चेनसारखी दिसणारी चित्रं आहेत. लोक इथेच रमतात आणि लिओनार्दोने सायकल शोधली वगैरेपर्यंत जातात. ते सोडून देऊ. त्या चित्रांतून कारखान्यात साखळी तयार झाली नाही. आपल्या चेनची गोष्ट इंग्लंडमध्ये, मँचेस्टरच्या परिसरात, कापडगिरण्यांच्या यंत्रांपाशी सुरू होते.

तिथे सॅलफर्डमध्ये जेम्स स्लेटर नावाचा माणूस गिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या करायचा. १८६४ मध्ये त्याने एक पेटंट घेतलं. १८७३ मध्ये हान्स रेनॉल्ड नावाचा विशीतला स्विस तरुण मँचेस्टरला आला आणि १८७९ मध्ये त्याने स्लेटरचा छोटा धंदा विकत घेतला. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, त्याने बुश आणि रोलर असलेल्या साखळीचं पेटंट घेतलं. आज तुमच्या गाडीला जी चेन आहे ती तत्त्वतः तीच आहे. मध्ये जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

रेनॉल्डने नेमकं केलं काय, हे नीट समजून घ्या, कारण तेलपाण्याचं सगळं शास्त्र त्यातून निघतं. त्याच्या आधीच्या साखळीत बाजूच्या पातळ पट्ट्या थेट पिनवर घासायच्या. पट्टीची जाडी ती केवढी! सगळा ताण त्या अरुंद कडेवर यायचा आणि साखळी लवकर झिजायची. रेनॉल्डने आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक नळी बसवली. तीच बुश. पिन आता या नळीत पूर्ण लांबीभर टेकते. ताण पसरला, झीज कमी झाली. नळीवर बाहेरून रोलर, तो स्प्रॉकेटच्या दातावर घासत नाही, फिरतो.

पण एक गोष्ट आपोआप झाली. झिजणारी जागा आत गेली. पूर्वी ती निदान दिसायची, आता ती नळीच्या आत, पिनभोवती, केसभर फटीत दडली. तेल तिथे पाहिजे. बाहेरून चेन कितीही चकचकीत करा, त्या फटीत तेल नसेल तर चेन मरणारच. आणि बाहेरून काळीकुट्ट दिसणारी चेन आतून सुखात असू शकते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आभास आणि सत्य यावर मी तीस वर्षं बोललो, इतकं सोपं उदाहरण मला तेव्हा सुचलं नव्हतं, याची थोडी खंत आहे.

आता थोडा हिशेब. चेनवर ४२८ असा आकडा असतो. पहिला ४ म्हणजे चार अष्टमांश इंच, अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. हे एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंतचं अंतर. ५२० किंवा ५३० असेल तर पाच अष्टमांश. समजा तुमच्या चेनला ११८ कड्या आहेत. लांबी झाली साधारण दीड मीटर. लोक म्हणतात "चेन ताणली गेली". पोलाद असं ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आपल्या नळीत थोडी झिजते आणि ती झीज ११८ ठिकाणी जमा होते. चेन दोन टक्के वाढली की बदलावी असा साधारण संकेत आहे. दीड मीटरचे दोन टक्के म्हणजे तीस मिलिमीटर. ते ११८ सांध्यांत वाटलं तर एका सांध्याला पाव मिलिमीटर! पाव मिलिमीटर आत झिजलं की चेन संपली. मग तिच्या कड्या स्प्रॉकेटच्या दातांशी जुळत नाहीत, दातांवर वर चढतात, दात माशाच्या गळासारखे वाकडे होतात. म्हणून मेकॅनिक पूर्ण सेट बदलायला सांगतो. दर वेळी तो फसवत असतो असं नाही.

आणि ही झीज करतं कोण? रस्त्यावरची धूळ. धुळीतला वाळूचा कण पोलादाला ओरखडा काढतो. तेलात मिसळला की त्याची पॉलिशपेपरसारखी लापशी होते. म्हणजे तेल नसलं तर झीज, आणि उघड्यावर तेल चोपडलं तर धूळ चिकटून पुन्हा झीज. हा पेच मोटरसायकलच्या जन्मापासूनचा आहे.

सुरुवातीला पुष्कळ मोटरसायकलींना चेन नव्हतीच, चामड्याचा पट्टा होता. पट्ट्याला तेल नको, धूळ चालते. फक्त पावसात घसरतो. १९११ मध्ये आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यती प्रथमच डोंगराच्या लांब रस्त्यावर झाल्या. तिथल्या मोठ्या चढावर पट्ट्यांचे हाल झाले. सीनियर गटात पहिले तिन्ही क्रमांक 'इंडियन' या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांनी घेतले. नावावर जाऊ नका, त्यांचा आपल्याशी संबंध नाही. त्या गाड्यांना चेन होती आणि दोन गिअर होते. त्यानंतर पट्टा मागे पडत गेला.

पण म्हणून चेन उघडीच ठेवायला हवी होती का? मुळीच नाही. वुल्व्हरहॅम्प्टनचे जॉन मार्स्टन 'सनबीम' सायकली बनवत. त्यांची चेन पूर्ण बंद पेटीत, तेलात भिजत चाले. १९१२ पासून त्यांनी मोटरसायकली काढल्या, त्यांनाही तीच सोय. धूळ आत येत नाही, तेल बाहेर जात नाही, मालकाने काही करायचं नाही. उत्तर तेव्हाच माहीत होतं. हे अधोरेखित करून ठेवा.

आणखी मोठा पुरावा आपल्या दारात उभा असायचा. बुलेट. १९५५ पासून मद्रासला बनू लागली. जुन्या बुलेटला दोन चेन. एक इंजिनपासून क्लचपर्यंत, डाव्या बाजूच्या बंद डब्यात, तेलात. दुसरी गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत, उघड्यावर. पहिली चेन दुसरीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने पळते, तरी वर्षानुवर्षं टिकते. मालकाला ती आहे हेच कित्येकदा माहीत नसतं. मागची मात्र दर काही हजार किलोमीटरला कुरकुरते. आता प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की मागच्या चेनवर ओढही जास्त असते, सगळा फरक डब्याचा नाही. पण बराचसा डब्याचाच आहे.

मग मागची चेन उघडी का ठेवली? कारणं खरी आहेत. चाक खड्ड्यांत वरखाली होतं, पंक्चर झालं की काढावं लागतं, डबा आड येतो, वजन आणि खर्च वाढतो. काही ब्रिटिश गाड्यांत इंजिनच्या श्वासनळीतून बाहेर पडणारं तेल चेनवर ठिबकवायची युक्ती असे. म्हणजे गाडी स्वतःच्या गळतीवर चेन पोसायची! १९६९ च्या होंडा सीबी ७५० आणि नंतरच्या कावासाकी झेड १ मध्येही आपोआप तेल देण्याची व्यवस्था होती. तेल चाकावर, रस्त्यावर, मालकाच्या पँटवर.

आपल्याकडे वेगळं वळण आलं. म्हैसूरच्या जावाची चेन पूर्ण झाकलेली. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आली, तिचीही झाकलेली. धुळीच्या देशात, साडी-धोतराच्या देशात हे शहाणपणाचं होतं. आणि पुण्यात? पुण्यात आम्ही स्कूटरवर. बजाज चेतकला चेनच नव्हती, इंजिनची शक्ती गिअरमधून थेट चाकाला. स्टेपनी होती, प्लगमधला कचरा होता, गाडी तिरकी करून पेट्रोल खाली आणणं होतं, पण चेन नव्हती. त्यामुळे मराठी मध्यमवर्गाच्या एका अख्ख्या पिढीने मुलांना चेनबद्दल काहीच शिकवलं नाही, कारण त्यांनाच ते करावं लागलं नव्हतं. माझ्याही घरात हेच झालं.

मग रस्त्यावर नव्या, रुबाबदार गाड्या आल्या आणि चेनचं झाकण गेलं. शर्यतीच्या गाडीसारखं दिसायला हवं ना! भरीला त्यातल्या पुष्कळ गाड्यांचा मेन स्टँडही गेला. वजन वाचलं, किंमत वाचली. हे दोन बदल वेगवेगळे पाहिले तर किरकोळ वाटतात. एकत्र ठेवून पाहा. चेन उघडी केली, म्हणजे ती साफ करायचं काम तुमच्यावर टाकलं. आणि चाक सुरक्षितपणे उचलून हाताने फिरवायची सोय काढून घेतली. माझा विद्यार्थी ज्या तिरक्या गाडीपुढे बसला होता, ती या दोन निर्णयांतून तशी उभी राहिली होती. त्याची चूक होती, मी नाकारत नाही. पण ती एकट्याची नव्हती.

कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. १९७० च्या दशकात जपानी चेन कारखानदारांनी ओ-रिंगची चेन आणली. पिन आणि नळीच्या फटीत कारखान्यातच ग्रीस भरायचं आणि पट्ट्यांमध्ये रबराच्या बारीक कड्या बसवून ते आत कोंडायचं. म्हणजे रेनॉल्डने आत नेलेल्या जागेला अखेर दार लावलं. प्रत्येक सांध्याला स्वतःचा तेलाचा डबा मिळाला म्हणा ना. सुंदर कल्पना आहे.

पण तिने साफसफाईचा अर्थ बदलला आणि हे आपल्या गॅरेजांत नीट पोचलेलं नाही. अशा चेनला आत तेल पोचवायचं नसतं, आतलं ग्रीस बाहेर येऊ द्यायचं नसतं. पेट्रोलने धुतलं की रबर खराब होतं. तारेच्या ब्रशने घासलं की कडी कापते. सर्व्हिसिंगला जोरदार पाण्याचा फवारा थेट चेनवर मारतात, तो पाणी आत घुसवू शकतो. म्हणजे जो जास्त जोमाने साफ करतो तो चेन लवकर मारतो. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. इतकंच. त्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे, कारण रोलरला आणि रबराला ओलावा लागतोच, आणि पोलाद गंजतं. तेल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने लावा, फिरताना ते बाहेरच्या दिशेला जातं. फिरून आल्यावर चेन कोमट असताना लावा, थोडा वेळ मुरू द्या, उरलेलं पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. आणि इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल चेनला लावतात, ते बंद करा. त्यात धातूचा चुरा असतो. गॅरेजवाला ते फुकट देतो, त्याची किंमत तेवढीच आहे.

आता पुन्हा त्या वाक्याकडे येतो. "हळूच फिरत होती." हळू म्हणजे किती? इंजिन आयडलिंगला, पहिला गिअर. ढोबळ हिशेबाने पुढचं स्प्रॉकेट मिनिटाला शंभर ते दीडशे फेरे घेतं. चौदा दात, प्रत्येकी अर्धा इंच, म्हणजे एका फेऱ्यात सात इंच चेन. सेकंदाला एक फूट किंवा थोडी जास्तच. डोळ्याला हे खरंच हळू दिसतं. पण ओढ जाणवून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद धरला, तर तेवढ्यात चेन तीन इंच पुढे गेलेली असते. आणि स्प्रॉकेट कुठे असतं? बहुतेक वेळा बोटापासून तीन इंचांच्या आतच. फडकं तर बोटांच्याही पुढे असतं. म्हणजे "मी सावध राहीन" याला इथे काही अर्थ उरत नाही. सावध राहायला लागणारा वेळच तिथे नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्याला शिकवलं असतं.

इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. गाडी न्यूट्रलला. मेन स्टँड असेल तर चाक हाताने मागच्या दिशेला फिरवायचं, म्हणजे फडकं स्प्रॉकेटमध्ये शिरण्याऐवजी बाहेर येतं. आपण खालच्या पट्ट्यावर काम करतोय असं धरून हे सांगतोय, वरच्या पट्ट्यावर उलटं होईल. मेन स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड मिळतो, तो घ्या, किंवा गाडी अर्धा-अर्धा मीटर ढकलत चेनचा एकेक भाग करा. कंटाळवाणं आहे. वीस मिनिटं लागतात, माझ्या वयाला पंचवीस. दर पाचशे ते हजार किलोमीटरला, आणि पावसात भिजली की लगेच.

तो विद्यार्थी आता स्वतः शिकवतो. गाडी अजून चालवतो. गेल्या दिवाळीत घरी आला होता तेव्हा त्याची मुलगी चाक फिरवत होती आणि तो ब्रश धरून बसला होता. किल्ली मुलीच्या फ्रॉकच्या खिशात होती. मी विचारलं, ही का? म्हणाला, "तिच्याकडे मागितल्याशिवाय मिळत नाही."

प्रश्न असतील तर घेऊ.