वॉशिंग मशीन : यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक? ग्राहक चाचण्यांचे गुण कसे वाचावेत

वॉशिंग मशीनची निवड करताना ग्राहकासमोर नियंत्रणाचे दोन पर्याय असतात. एक, हाताने फिरवायच्या यांत्रिक टायमरचा आणि दुसरा, सर्किट बोर्डावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा. ग्राहक संस्था प्रयोगशाळेत चाचण्या घेऊन अशा यंत्रांना गुण देतात. मात्र केवळ एकूण गुणांची बेरीज पाहून दोन्ही प्रकारांची तुलना केल्यास निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो.

नियंत्रणाचे दोन प्रकार

सेमी-ऑटोमॅटिक यंत्रातील टायमर घड्याळाप्रमाणे स्प्रिंगवर चालतो. साधारणतः धुण्यासाठी १५ मिनिटांचा आणि पिळण्यासाठी ५ मिनिटांचा, असे दोन स्वतंत्र टायमर त्यात असतात. जुन्या धर्तीच्या फुल्ली ऑटोमॅटिक यंत्रांत लहान मोटर खाचा असलेले चक्र हळूहळू फिरवते आणि त्या खाचांनुसार विजेचे संपर्क जुळतात वा सुटतात. पाणी घेणे, घुसळणे, पाणी सोडणे व पिळणे हा क्रम त्या चक्रावरच ठरलेला असतो.

इलेक्ट्रॉनिक यंत्रात हे काम मायक्रोकंट्रोलर करतो. पाण्याची पातळी, तापमान आणि कपड्यांचा भार यांची माहिती संवेदकांकडून घेऊन तो पाण्याचे प्रमाण आणि धुण्याचा कालावधी ठरवू शकतो.

फिरवायचे बटण दिसले म्हणजे यंत्र यांत्रिकच, असे मात्र नव्हे. अनेक इलेक्ट्रॉनिक यंत्रांतही कार्यक्रम निवडण्यासाठी तसेच बटण असते. धुणे चालू असताना बटण आपोआप पुढे सरकत असेल तर तो यांत्रिक टायमर समजावा.

चाचणीत काय मोजले जाते

घरगुती यंत्रांच्या कामगिरीच्या मोजमापासाठी आयईसी ६०४५६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. रक्त, कोको, रेड वाइन, काजळी व तेल अशा ठरावीक डागांच्या कापडी पट्ट्या इतर कपड्यांसह धुतल्या जातात. धुण्यानंतर त्या पट्ट्यांवरून किती प्रकाश परावर्तित होतो ते उपकरणाने मोजून संदर्भ यंत्राशी तुलना केली जाते. याशिवाय साबण किती निघून गेला, पिळल्यानंतर कपड्यांत किती पाणी उरले, वीज व पाणी किती लागले, आवाज किती झाला आणि वापरातील सोय किती, यांचीही नोंद ग्राहक संस्था घेतात.

ब्रिटनमध्ये १९५७ साली, तर तत्कालीन पश्चिम जर्मनीत १९६४ साली अशा चाचण्या करणाऱ्या संस्था स्थापन झाल्या. भारतात दिल्लीची ‘कन्झ्युमर व्हॉइस’ आणि अहमदाबादचे ‘ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र’ या संस्थांनी तुलनात्मक चाचण्यांचे काम केले आहे.

बेरीज बदलली की क्रम बदलतो

एकूण गुण हे प्रत्येक निकषाला दिलेल्या महत्त्वावर अवलंबून असतात. समजा, ‘अ’ या यंत्राला धुलाईसाठी ८०, पाण्याच्या बचतीसाठी ५० आणि वापरातील सोयीसाठी ५० गुण मिळाले. ‘ब’ या यंत्राला हेच गुण अनुक्रमे ६५, ८० आणि ८० मिळाले. धुलाईला ५० टक्के आणि उरलेल्या दोन निकषांना प्रत्येकी २५ टक्के महत्त्व दिल्यास ‘अ’ला ६५ आणि ‘ब’ला ७२.५ गुण पडतात. धुलाईला ८० टक्के आणि इतर दोहोंना प्रत्येकी १० टक्के महत्त्व दिल्यास ‘अ’ ७४ गुणांसह पुढे जाते आणि ‘ब’ ६८ वर थांबते. यंत्रे तीच, मोजमाप तेच. तरीही क्रम उलटतो. म्हणून निकषवार तक्ता पाहणे आवश्यक ठरते.

फरक नियंत्रणाचा की रचनेचा?

यांत्रिक टायमर आज प्रामुख्याने स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक यंत्रांत आढळतो, तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड व फ्रंट लोड यंत्रांत. त्यामुळे गुणांतील फरक हा अनेकदा टाकीची रचना, पाणी तापवण्याची सोय आणि पिळण्याचा वेग यांचा असतो, टायमरचा नव्हे.

पिळण्याचेच उदाहरण घेता येईल. अनेक सेमी-ऑटोमॅटिक यंत्रांची पिळण्याची टाकी लहान असून ती मिनिटाला १,३०० फेऱ्यांच्या आसपास फिरते. अनेक टॉप लोड यंत्रांचा वेग याच्या जवळपास निम्मा असतो. पाच किलो कोरड्या कपड्यांत ६० टक्के ओलावा उरला तर तीन लिटर पाणी वाळवावे लागते. ५० टक्के उरला तर अडीच लिटर. कोकण-गोव्यातील पावसाळ्यात किंवा महानगरातील बंदिस्त सदनिकेत हा अर्धा लिटर क्षुल्लक नसतो. म्हणजेच या एका निकषावर स्वस्त यांत्रिक यंत्र महाग इलेक्ट्रॉनिक यंत्रापेक्षा सरस ठरू शकते.

पाण्याच्या बाबतीतही तारतम्य हवे. सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात साबणाचे तेच पाणी दुसऱ्या घाण्यासाठी वापरता येते आणि बादलीने पाणी भरता येते. ठरावीक कार्यक्रमानुसार होणाऱ्या चाचणीत या काटकसरीचे प्रतिबिंब पडतेच असे नाही. जिथे पाणी दिवसातून तासभरच येते तिथे नळाच्या दाबावर विसंबणारे स्वयंचलित यंत्र गुणांत पुढे असूनही गैरसोयीचे ठरू शकते.

अमेरिकेत जानेवारी २००७ मध्ये ऊर्जाबचतीचे कडक निकष लागू झाल्यानंतर काही टॉप लोड यंत्रे डाग काढण्यात फारच कमी पडतात, असे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या नियतकालिकाच्या चाचणीत त्याच वर्षी आढळले होते. विजेची बचत आणि स्वच्छता हे दोन स्वतंत्र निकष आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

टिकाऊपणा आणि दुरुस्ती

वीज खंडित झाल्यास मोटरवर चालणारा यांत्रिक टायमर आहे त्या जागी थांबतो आणि वीज परतल्यावर तेथूनच पुढे जातो. इलेक्ट्रॉनिक यंत्रात त्यासाठी स्मृतीची सोय असावी लागते. विजेच्या दाबातील चढउतार, दमट हवा आणि यंत्राखालून शिरणारे उंदीर ही सर्किट बोर्ड बिघडण्याची नेहमीची कारणे होत. यांत्रिक टायमरचे संपर्क झिजतात, मात्र टायमर वेगळा काढून बदलता येतो. सर्किट बोर्ड बिघडल्यास बहुधा तो संपूर्णच बदलला जातो आणि तो त्याच मॉडेलचा असावा लागतो.

नव्या यंत्रावर काही दिवसांत घेतलेल्या चाचणीत या बाबी दिसत नाहीत. जर्मनीच्या ‘स्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ या संस्थेने दीर्घकालीन चाचणीत यंत्रे १,८४० वेळा चालवली आहेत. हा साधारण दहा वर्षांचा घरगुती वापर होय. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सर्किट बोर्डासह ठरावीक सुटे भाग किमान दहा वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले.

तारांकनाचा अर्थ

भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकन योजनेचा आरंभ मे २००६ मध्ये झाला आणि पुढे वॉशिंग मशीनचाही तिच्यात समावेश झाला. हे तारे ऊर्जेच्या कार्यक्षमतेचे निदर्शक आहेत. त्यावरून यंत्राचा टिकाऊपणा किंवा दुरुस्तीचा खर्च कळत नाही. तारांची तुलना करताना दोन्ही यंत्रे एकाच प्रकारची आहेत ना, हेही पाहावे.

खरेदीपूर्वी

चाचणीचे गुण पाहताना समान प्रकारच्या आणि समान क्षमतेच्या यंत्रांचीच तुलना करावी. धुलाई, पिळणे, पाणी आणि वीज यांचे गुण स्वतंत्रपणे पाहावेत. सर्किट बोर्डावर किती वर्षांची हमी आहे आणि हमीनंतर तो कोणत्या किमतीत मिळेल, याची लेखी माहिती विक्रेत्याकडून घ्यावी. विजेचा दाब अस्थिर असल्यास स्टॅबिलायझरचा खर्चही किमतीत धरावा. हमीच्या काळात दुरुस्ती नाकारली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.