फुलपाखरांची फिरती

पावसाळा ओसरून वाटा सुकल्या, ओढ्यांना उतार मिळू लागला आणि दसऱ्याचे सोने लुटून झाले, म्हणजे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या प्रत्येक जिल्ह्यात साहेबलोकांच्या फिरतीचा हंगाम सुरू होई. कलेक्टराचे डेरे बैलगाड्यांवर चढत, शिरस्तेदाराचे दफ्तर बासनात बांधले जाई, पट्टेवाले पुढच्या मुक्कामी रवाना होत, आणि त्यापुढचे काही महिने जमाबंदी, तंटेबखेडे, गुरांची चराई आणि जंगलतोडीचे परवाने यांचा निकाल एखाद्या आमराईत नाहीतर वडाच्या सावलीत लागे. ही फिरती केवळ सरकारी शिरस्त्याचा भाग होती. निसर्गप्रेमाशी तिचा काही संबंध नव्हता. तरीही सह्याद्रीच्या कुशीत फुलपाखरे पाहण्यासाठी म्हणून माणसे आज जी हौसेने पायपीट करतात, तिचे मूळ शोधू गेल्यास ते या जमाबंदीच्या फिरतीपाशीच सापडते, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे.

त्यापूर्वी फुलपाखरांकडे कोणी पाहत नव्हते, असे अर्थातच नाही. कोकणात त्याला पाकोळी म्हणतात, कोंकणीत पिसोळें म्हणतात, आणि ज्या वस्तूला घरगुती नाव आहे तिच्याकडे लोकांचे लक्ष गेलेलेच असते. परंतु विद्येच्या दरबारात फुलपाखराचा प्रवेश झाला तो मृतावस्थेत. लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या पिवळ्याकाळ्या फुलपाखराचे शास्त्रीय नामकरण लिनियसने 1758 मध्ये स्वीडनात बसून केले. आणि ज्या निळ्याकाळ्या, रुबाबदार फुलपाखराला महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या ब्लू मॉर्मनचे, म्हणजे आपल्या नीलवंताचे, नाव क्रॅमर या डच गृहस्थाने 1775 च्या सुमारास ठेवले. जहाजातून आलेल्या, टाचणीला टोचलेल्या सुक्या कलेवरावरून त्यांनी रंग पाहिले, शिरा मोजल्या, लांबीरुंदी टिपली. परंतु हा जीव कोणत्या पानावर जन्मला, काय खाऊन वाढला, कोणत्या झाडाभोवती घिरट्या घालीत होता, हे त्या कलेवरावर कोठेच लिहिलेले नव्हते. फुलपाखराचे अर्धे चरित्र झाडावरच राहून गेले होते.

ते उरलेले अर्धे चरित्र वाचण्याची सोय आपल्या मुलखात झाली, ती 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळे. त्या आठांमध्ये कर्नल स्विन्हो हे पतंग-फुलपाखरांचे नामांकित संग्राहक होते, आणि दोघे आपल्यातले होते: प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉक्टर सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन यांनी मुंबईकडील औषधी द्रव्यांची सूची 1879 मध्येच प्रसिद्ध केली होती. फुलपाखरांचा संग्राहक आणि झाडपाल्याचा पारखी एकाच बैठकीत बसले, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. आणि सखाराम अर्जुन दोनच वर्षांनी, 1885 मध्ये, निवर्तले याची हळहळही तितकीच वाटते. कारण पुढच्या पाचसात वर्षांत या विद्येला ज्या ज्ञानाची सर्वाधिक गरज भासली ते त्यांच्यापाशी होते.

संस्थेच्या त्या आठ संस्थापकांतच एडवर्ड हॅमिल्टन एटकिन होते. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिणारा हा लेखक जन्माने सातारचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे त्याने लॅटिन शिकविले आणि 1876 मध्ये तो मीठ व जकात खात्यात शिरला. खारघोडा, उरण, रत्नागिरी, कारवार, गोव्याच्या सरहद्दीवरील नाकी, अशी त्याची नोकरी समुद्रकाठाने आणि घाटपायथ्याने फिरत राहिली. मिठाची चोरटी ने-आण थांबविणे हे त्याचे काम. पण त्याच्यासारखा डोळस माणूस नाक्यावर बसून केवळ गोण्या मोजीत राहणे शक्यच नव्हते. 1886 मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले तेव्हा त्याच्या दोन संपादकांपैकी एक तोच होता.

या एटकिनची कारवारात दोघांशी गाठ पडली. जेम्स डेव्हिडसन हे त्या जिल्ह्याचे कलेक्टर, आणि टी. आर. बेल हे जंगल खात्याचे तरुण अंमलदार. उत्तर कानडा जिल्हा 1862 मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला होता. घाटमाथ्यापासून खाडीच्या मुखापर्यंत एका दिवसाच्या अंतरात सदाहरित अरण्य, सागाची जंगले, भातखाचरे आणि माडांच्या बागा अशी चारही प्रकारची भूमी तेथे सापडते. महसूल, मीठ आणि जंगल अशी तीन खाती, तीन कचेऱ्या, तीन वेगळे दफ्तरखाने. पण या तिघांनी मिळून जे एक सामायिक दफ्तर उघडले ते अळ्यांचे होते. 1890 मध्ये डेव्हिडसन आणि एटकिन यांनी मुंबई इलाख्यातील काही फुलपाखरांच्या अळ्या व कोष यांवरील टिपणे संस्थेच्या नियतकालिकात छापली, आणि 1896 पासून तिघांच्या नावे उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवरील विस्तृत लेखमाला येऊ लागली.

त्यांच्या रीतीचे नावीन्य आज आपल्या सहज ध्यानात येत नाही, कारण ती रीत आता आपल्या अंगवळणी पडली आहे. फुलपाखरू दिसले की जाळे घेऊन त्याच्यामागे धावायचे, हा तोपर्यंतचा रिवाज. या तिघांनी मादीचा पाठलाग केला तो ती कोणत्या पानावर बसते हे पाहण्यासाठी. अंडे सापडले की फांदीसकट आणायचे, अळी निघाली की तिला रोज त्याच जातीचा ताजा पाला घालायचा, ती कात किती वेळा टाकते, रंग कसा बदलते, कोष कोठे आणि कसा टांगते याची नोंद ठेवायची, आणि पंख फुटून फुलपाखरू बाहेर आले म्हणजे मग त्याचे नाव लिहायचे. फिरतीवरच्या माणसाला हे व्रत किती कठीण गेले असेल! एका मुक्कामी मिळणारा पाला दुसऱ्या मुक्कामी मिळेलच असे नाही, आणि अळी तर दुसऱ्या पानाला तोंड लावीत नाही, उपाशी मरते. म्हणून ज्याला फुलपाखरू हवे त्याला झाड ओळखता आलेच पाहिजे. फुलपाखरांची विद्या ही निम्म्याहून अधिक वनस्पतींची विद्या आहे, हे कारवारच्या त्या फिरतीत प्रथम सिद्ध झाले असे मी मानतो.

याचा पडताळा पाहण्यासाठी कारवारला जाण्याचीही गरज नाही; परसातील कढीलिंब पुरेसा आहे. आमच्याकडील कढीलिंबाला श्रावणात कोवळी पालवी फुटली की एक काळी मादी येते, एकेका पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी ते पान टपटप ठोकून पाहते (पायांनीच तिला पानाची चव कळते) आणि मनासारखे पान मिळाले की पोट वाकवून मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळे, गोल अंडे त्याला चिकटवून निघून जाते. तीनचार दिवसांत निघणारी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट, मध्ये पांढुरका डाग, आणि तशीच चकचकीत ओलसर. आमटीसाठी पाने तोडणारा हातही तिला घाण समजून टाळतो. चार अवस्था ती या सोंगात काढते. शेवटची कात टाकली की एकाएकी हिरवीगार होते, आणि काडीने डिवचली तर मानेमागून तांबूस, दुभागलेले एक शिंग बाहेर काढून असा उग्र दर्प सोडते की हात मागे घ्यावाच लागतो.

या मादीची गोष्ट इथेच संपत नाही. ही कॉमन मॉर्मन जातीची. हिचा नर काळा, मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ मिरविणारा; मादीचे मात्र तीन वेष आहेत. एक नरासारखाच, आणि उरलेले दोन कॉमन रोझ व क्रिम्झन रोझ या दोन निराळ्याच फुलपाखरांसारखे, काळ्यावर गुलाबी-लाल ठिपके असलेले. ती दोन्ही फुलपाखरे वाढतात सापसंदीवर, जिला ईश्वरी असेही म्हणतात आणि जी आपल्याकडे सर्पदंशावरची मुळी म्हणून वैदूंच्या झोळीत असे. त्या वेलीतील विष अळीच्या अंगात भिनते व फुलपाखरातही उतरते. पक्षी एकदा चव घेऊन पुन्हा वाटेला जात नाहीत. म्हणजे कढीलिंबावर वाढलेली निरुपद्रवी मादी सापसंदीवर वाढलेल्या विषारी फुलपाखराची वस्त्रे नेसून सुरक्षित हिंडते. ज्याला या दोन वनस्पती ठाऊक नाहीत, त्याला त्या लाल ठिपक्यांचा अर्थ कसा लागावा?

फुलपाखरांना बोलावणाऱ्या झाडांविषयी आपल्या लोकांत जो समज रूढ आहे, त्यात म्हणूनच थोडी गफलत होते. फुलझाडे लावली की फुलपाखरे येतात हे खरे. परंतु ती येतात पाहुणचाराला, बिऱ्हाडाला नव्हे. घाणेरीच्या झुपक्यावर, एकदांडीच्या इवल्या फुलावर, पेंटगुळाच्या लाल गुच्छावर दिवसभर वर्दळ असते. घाणेरी तर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठी आणलेली. तिने पुढे सारा देश व्यापला, जंगलाच्या तळचे देशी रोप गुदमरवून टाकले, आणि मध मुबलक दिला तरी अळ्यांना खाण्याजोगे जवळजवळ काहीच दिले नाही. अन्नछत्र घालून वस्ती उठवावी, तसा हा व्यवहार झाला. उलट ज्या वनस्पतींना आपण तण म्हणून उपटतो त्यांचे उपकार पाहा. रुईच्या चिकावर प्लेन टायगरची पट्टेदार अळी पोसते. पानफुटीच्या जाड पानात रेड पिएरोची अळी शिरते आणि पानाच्या दोन त्वचांमधला गर खात आतल्या आत बोगदा पाडते. उजेडाकडे पान धरले तर ती आत सरकताना दिसते. टाकळा आणि बहावा, वाघाटी आणि वायवर्ण, एरंड आणि आंबा, प्रत्येकाच्या आश्रयाला कोणी ना कोणी आहेच. खुळखुळ्याची तर रीतच वेगळी: त्याच्या वाळक्या, मोडक्या काड्यांतून टायगर कुळातील नर एक द्रव्य शोषून घेतात आणि त्यापासून मादीला मोहविणारा गंध सिद्ध करतात. तेथे फूलही नको, कोवळे पानही नको. वाळलेली जुडी पुरते.

डेव्हिडसन आणि एटकिन यथाकाल मायदेशी परतले. एटकिन 1909 मध्ये एडिंबरोत वारले. बेल मात्र परतले नाहीत. 1909 पासून दीड तप ते भारताच्या मैदानी प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवर संस्थेच्या नियतकालिकात लिहीत राहिले. या लेखांत अंड्यापासून पंखांपर्यंतचा तपशील, अळीची वागणूक, तिचे खाद्य, आणि चिमुकल्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्यांभोवती गोड द्रवासाठी पहारा देणाऱ्या मुंग्यांचे वर्णन, हे सारे त्यांनी ज्या सावकाश ममतेने लिहिले आहे ती शास्त्रीय लेखनात विरळा. निवृत्तीनंतर ते कारवारातच स्थायिक झाले, आणि 1948 च्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडी, तेथेच त्यांनी देह ठेवला.

त्यानंतरचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य विंटर-ब्लाइथ यांचा ग्रंथ संस्थेने 1957 मध्ये काढला आणि हौशी माणसाच्या हाती प्रथमच एक विश्वासू वाटाड्या आला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जाळ्याचा अंमल ओसरला. डॅनेड एगफ्लायसारखे फुलपाखरू, ज्याची अळी आपण भाजीला घेतो ती घोळ खाऊन वाढते, तेही पुढे कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेले. जाळ्याची जागा दुर्बीण आणि कॅमेऱ्याने घेतली, आणि ठाण्याच्या ओवळेकर वाडीसारख्या बागा केवळ फुलपाखरांच्या खाद्यवनस्पती व मधाची झाडे लावून उभ्या राहिल्या. कारवारच्या टिपणांतील वनस्पतींची यादीच जणू तेथे वाफ्यांत लावलेली आहे.

गेल्या आश्विनात मी आंबोली घाटाखालच्या पारपोलीला गेलो होतो. फुलपाखरांचे गाव म्हणून त्याची ख्याती झाली आहे. सकाळचे ऊन ओढ्यावर येताच ओल्या वाळूवर पाकोळ्यांचे थवे उतरले. चिखलपानाला बसणारे हे बहुधा नर. ओलाव्यातील क्षार ते शोषीत असतात. आमच्यातील मंडळी कॅमेरे सरसावून तिकडे धावली. डोक्यावरून सह्याद्री बर्डविंग गेले, काळे आणि सोनेरी, पंखविस्ताराने दीड-पावणेदोनशे मिलिमीटरांपर्यंत भरणारे, आणि तिकडेही सर्वांच्या माना वळल्या. वाट दाखविणारा गावातला मुलगा मात्र ओढ्याकडे गेला नाही. बांधाशी उभ्या असलेल्या एका झुडपावर चढलेली वेल त्याने दोन बोटांनी हलकेच वर उचलली आणि मला हाक मारली, “काका, हयसर येवा.” त्याने पान उलटले. खालच्या बाजूस, शिरेच्या कडेला, लालसर केशरी रंगाचे एकच गोल अंडे होते. “सापसंद,” तो म्हणाला, आणि पान पुन्हा होते तसे सोडून दिले.