एकाच चकतीच्या अनेक किमती

सुटे भाग निवडून आणि जुळवून स्वतःच्या गरजेचा संगणक उभा करण्याची प्रथा ज्या यंत्रामुळे शक्य झाली, ते यंत्र आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आणले, आणि त्यातून अशी काही प्रथा निर्माण व्हावी हा तिचा हेतू मुळीच नव्हता. यंत्र लवकर तयार व्हावे म्हणून फ्लॉरिडातील बोका रॅटन येथील तिच्या अभियंत्यांनी प्रोसेसर इंटेलकडून घेतला, इतर बरेच भाग खुल्या बाजारातून उचलले आणि यंत्राच्या परिपथांचे आराखडेही तांत्रिक पुस्तिकेत छापून विक्रीला ठेवले. कंपनीच्या हातात राखीव असे उरले ते मुख्यतः बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताच त्यातील भागांची नोंद घेऊन त्यांना कामाला लावणारी मूळ आज्ञावली. कॉम्पॅकने १९८२ च्या अखेरीस सादर केलेल्या यंत्रासाठी तिच्याच बरहुकूम चालणारी आज्ञावली मूळ मजकुराला हात न लावता नव्याने लिहून घेतली, १९८४ पासून फिनिक्स टेक्नॉलॉजीज अशी आज्ञावली इतर उत्पादकांना विकू लागली, आणि मग तैवानमधील मदरबोर्ड उत्पादकांना मैदान मोकळे झाले. इंटेलने १९९५ मध्ये आखलेल्या एटीएक्स या प्रमाणामुळे स्क्रूची भोके, मागील जोडण्या आणि वीजपुरवठ्याचे टोक यांची मापे ठरून गेली, त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये विनातक्रार बसू लागला.

भाग सुटे मिळू लागले म्हणजे ते किफायतशीर निवडता आले, असे मात्र नाही. कोणत्या कामासाठी यंत्र हवे हे ठरल्याखेरीज किफायतीला काहीच अर्थ नसतो, आणि हे खेळांनी जितक्या निर्दयपणे दाखवून दिले तितके कार्यालयीन कामाने कधीच दाखवले नव्हते. सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ हा प्रोसेसर त्याचे उत्तम उदाहरण आहे. १३३ मेगाहर्ट्झवर चालणारा त्याचा एक प्रकार पीआर१६६+ या नावाने, म्हणजे १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमची बरोबरी करणारा म्हणून विकला जाई, आणि पत्रलेखन किंवा हिशेब यांपुरता तो दावा बऱ्याच अंशी खराही होता. परंतु जून १९९६ मध्ये आलेल्या इड सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’ या खेळात त्रिमितीय दृश्याची गणिते दशांश अपूर्णांकांत होत असत, ती सोडवणारा विभाग सायरिक्सच्या प्रोसेसरमध्ये दुबळा होता, आणि स्वस्तात मिळालेले यंत्र ऐन लढाईत अडखळू लागे. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचे व्हूडू हे कार्ड आले. ते फक्त त्रिमितीय चित्रे काढत असे. नेहमीचे ग्राफिक कार्ड यंत्रात तसेच ठेवून त्याच्या पाठीमागून एक आखूड केबल व्हूडूत न्यावी लागे आणि मॉनिटर व्हूडूला जोडावा लागे. हा सारा जामानिमा ओबडधोबड असला, तरी एकूण खर्चातील पैसा प्रोसेसरकडून ग्राफिक कार्डाकडे वळवण्याची रीत त्यानेच घातली.

तो पैसा वाचवायचा कोठून, या प्रश्नाचे उत्तर प्रोसेसरच्या कारखान्यातच दडलेले होते. प्रोसेसर सिलिकॉनच्या गोल चकतीवर एकत्र घडवले जातात आणि मग कापून वेगळे केले जातात. एकाच चकतीवरचे सर्व तुकडे सारख्या क्षमतेचे निघत नाहीत, म्हणून त्यांची चाचणी होते आणि जो तुकडा ज्या वेगाला टिकेल तो आकडा त्यावर छापला जातो. या प्रतवारीला व्यवसायात बिनिंग म्हणतात. उत्पादनाची प्रक्रिया मुरली की बहुतेक तुकडे वरच्या वेगाला टिकू लागतात, पण बाजारात मागणी असते ती स्वस्त आकड्यांची, आणि मग महागड्या क्षमतेच्या मालावर स्वस्त आकडा छापून तो विकण्यावाचून कारखान्याला गत्यंतर नसते. किफायतशीर निवडीचा सारा इतिहास या एका विसंगतीभोवती फिरतो. छापील आकडा गुण सांगतो की केवळ किंमत, हे ज्याला ओळखता आले तो कमी खर्चात जिंकला. याच विसंगतीचा फायदा लबाडांनीही घेतला. मूळ आकडा खरवडून त्या जागी वरचा आकडा छापण्याचे, म्हणजे रीमार्किंगचे प्रकार १९९० च्या दशकात इतके बोकाळले की प्रोसेसरचा गुणक कायमचा बंद करण्यासाठी इंटेलला ते एक सबळ कारण मिळाले. गुणक म्हणजे मदरबोर्डवरील मुख्य वाटेच्या, अर्थात बसच्या वेगाला ज्या संख्येने गुणून प्रोसेसरचा वेग निघतो ती संख्या.

गुणक बंद केला, तरी गुणाकारातील दुसरी संख्या उघडीच राहिली, आणि २४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने आपल्याच हाताने तिचा पुरावा बाजारात ठेवला. त्या दिवशी ६६९ डॉलर किमतीचा ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू आणि १४९ डॉलर किमतीचा सेलेरॉन ३००ए असे दोन प्रोसेसर एकदमच जाहीर झाले. दोघांचा गुणक साडेचार होता. एक १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चालत होता आणि दुसरा ६६ मेगाहर्ट्झच्या. सेलेरॉनची बस १०० वर नेली की त्याचा वेगही ४५० होई, आणि दोघेही पाव मायक्रॉनच्याच प्रक्रियेने घडलेले असल्याने बहुतेक सेलेरॉन तो वेग पेलतही असत. त्यापूर्वी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमधून इंटेलने दुय्यम कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या निकट ठेवणारी छोटी स्मृती, पूर्णपणे काढून टाकली होती आणि त्याबद्दल टीकाही सोसली होती. ३००ए मध्ये ती परत आली, तीही प्रोसेसरच्याच तुकड्यावर. पेंटियम टूची ५१२ किलोबाइट कॅशे वेगळ्या चिपांवर असून निम्म्या वेगाने चालत असे, तर सेलेरॉनची १२८ किलोबाइट कॅशे लहान असली तरी पूर्ण वेगाने चालत असे, त्यामुळे खेळांच्या कामगिरीत दोघांतील अंतर नगण्य उरले.

ही युक्ती अमलात आणण्याची रीत तपशिलाने पाहण्याजोगी आहे. प्रोसेसर काडतुसासारख्या पट्टीवर बसवलेला असे आणि तिच्या कडेला सोनेरी संपर्कबिंदूंची रांग असे. त्यांपैकी बी२१ हा बिंदू मदरबोर्डला बसचा वेग सांगत असल्याने त्यावर बारीक चिकटपट्टी लावली किंवा नेलपॉलिशचा थेंब सुकवला, की बोर्ड आपणहून १०० मेगाहर्ट्झवर चालू होई. अबिट कंपनीच्या बीएच६ सारख्या बोर्डांवर तेवढेही करावे लागत नसे, कारण बसचा वेग आणि प्रोसेसरचा व्होल्टेज बायॉसच्या पडद्यावरूनच बदलता येई. इंटेलच्याच ४४०बीएक्स चिपसेटमध्ये १०० मेगाहर्ट्झच्या बससाठी योग्य भागाकाराची सोय होती, म्हणून इतर कार्डे आपापल्या नेमस्त वेगाने चालत राहत आणि बिघाडाचा धोका अनपेक्षितपणे कमी राही. पट्टीवर छापलेले कोस्टारिका किंवा मलेशिया हे जुळणीचे ठिकाण आणि उत्पादनाचा आठवडा वाचून माल निवडण्याचे वेडही याच काळातले. त्या वेडात अनुभव किती आणि अंधश्रद्धा किती, हे सांगणे कठीण आहे.

तथापि, प्रोसेसरवर वाचलेला सगळा पैसा हातात उरत नसे. १०० मेगाहर्ट्झला टिकणारी पीसी१०० स्मृती, बरा पंखा आणि विश्वासाचा बोर्ड यांत त्यातील काही भाग जाई, आणि या ठिकाणी भारतीय ग्राहकाची गणिते वेगळी होत. मुंबईत ग्रँट रोड स्थानकालगतच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यामुळे पडलेले लॅमिंग्टन रोड हे नावच आजही अधिक चालते. या रस्त्यावरील रेडिओच्या सुट्या भागांच्या बाजाराने असेंबल्ड संगणकांचा व्यापार सहज सामावून घेतला. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीही अशीच प्रसिद्ध आहे. भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि या वस्तूंवरील आयात शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरले, पण तोवर पक्क्या बिलाचा माल आणि बिलाविना आलेला माल यांच्या किमतींतील फरक हाच अनेकांच्या दृष्टीने किफायतीचा पहिला मार्ग होता. त्याची भरपाई पुढे वॉरंटीच्या वेळी होई. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्क यांच्या ओळी वेगवेगळ्या असत, परंतु ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ ही ओळ एकच असे. एसएमपीएस, म्हणजे घरातील विजेचे संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणारा डबा, अशा रीतीने न निवडताच घरात येई. त्याच्यावर छापलेले वॅट पुष्कळदा नावापुरतेच असत, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत वाढीव वेगाने चालवलेले यंत्र बंद पडू लागले की दोष मात्र निरपराध प्रोसेसरच्या माथी येई.

सेलेरॉननंतरची दहा-बारा वर्षे म्हणजे याच खेळाच्या आवृत्त्या होत. २००० साली एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉन यांच्या पाठीवरील तोडलेले संपर्क साध्या शिसपेन्सिलीच्या रेघेने जोडले की बंद गुणक उघडत असे, कारण शिसे म्हटले जाणारे ग्राफाइट वीज वाहून नेते. २००३ मध्ये ‘बार्टन’ वंशाचा अॅथलॉन एक्सपी २५००+ हा अकराच्या गुणकावर आणि १६६ मेगाहर्ट्झच्या बसवर चालत असे. बस २०० केली की तो कितीतरी महाग अशा ३२००+ च्या वेगाला जाई. ग्राफिक कार्डांतही एटीआयच्या रेडिऑन ९५०० चे काही नमुने केवळ चालक-आज्ञावली बदलून ९७०० सारखे काम करू लागत, मात्र जे विभाग खरोखरच सदोष म्हणून बंद केलेले असत ते उघडताच पडद्यावर चौकटींची नक्षी उमटे. नशिबाचा भाग होताच, आणि दुकानदार तो परत घेत नसे.

इंटेलने ही फट जानेवारी २०११ मध्ये बुजवली, आणि ती बुजवताना तिची किंमतही लावली. सँडी ब्रिज या पिढीत एकाच घड्याळावर जवळजवळ सगळ्या वाटा बांधल्या गेल्या, त्यामुळे मूळ वेग किंचित वाढवताच इतर भाग कोलमडू लागले. आय५-२५०० हा प्रोसेसर २०५ डॉलरला होता आणि गुणक खुला असलेला २५००के हा २१६ डॉलरला. अकरा डॉलरची ही खंडणी क्षुल्लक वाटली, तरी खुल्या गुणकाचा उपयोग व्हायला पी६७ चिपसेटचा बोर्ड घ्यावा लागे आणि खरा खर्च तेथे होता. पुढील काळात प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या जवळ चालू लागले, आणि किफायतीचा विचार वेगाकडून बोर्डाच्या आयुष्याकडे सरकला. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांसाठी २०१७ मध्ये घेतलेला एएम४ बोर्ड बायॉस अद्ययावत करून २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी पर्यंत वापरता येऊ लागला, त्यामुळे बोर्ड आणि रॅम यांचा दुसऱ्यांदा होणारा खर्च टळला. या प्रोसेसरवर ९६ मेगाबाइट तृतीय स्तराची कॅशे थर रचून बसवलेली होती. त्याचा वेग त्याच मालिकेतील ५८००एक्सपेक्षा कमी होता आणि त्याचा गुणक कंपनीने बंदच ठेवला होता, तरीही बहुतेक खेळांत तो ५८००एक्सच्या पुढे गेला.