नावांची जोडणी आणि 'नल'चा घोटाळा

डेटाबेसमध्ये व्यक्तीचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही बहुधा तीन स्वतंत्र रकान्यांत साठवलेली असतात. पत्रावर किंवा यादीत ती सलग छापायची, तर क्वेरी लिहितानाच त्यांची जोडणी करावी लागते. अशा अक्षरसमूहाला संगणकाच्या परिभाषेत 'स्ट्रिंग' म्हणतात. काम किरकोळ वाटते. परंतु छापील यादीतून काही नावे नाहीशी होतात, ती अनेकदा याच ठिकाणी.

याचे कारण 'नल'. एसक्यूएल या भाषेत 'नल' म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी स्ट्रिंगही नव्हे. माहिती उपलब्ध नसल्याची ती खूण आहे. अज्ञाताला काहीही जोडले तरी उत्तर अज्ञातच, असा प्रमाण एसक्यूएलचा नियम आहे. साहजिकच, ज्याचे मधले नाव नोंदवलेले नाही त्याचे नाव व आडनाव हाताशी असूनही पूर्ण नाव 'नल' ठरते. क्वेरी मात्र कोणतीही चूक दाखवत नाही. नियम तर्कशुद्ध आहे. ज्याच्या पत्रावर नावाची जागा कोरी राहते, त्याला हे पटवणे अवघड.

जोडणीचे प्रमाण चिन्ह म्हणजे दोन उभ्या रेघा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र पूर्वापार अधिकचे चिन्ह रूढ आहे. मायएसक्यूएल या रेघांचा अर्थ मुळात 'किंवा' असा घेते. त्यामुळे तेथे नावाऐवजी शून्य हाती येते. तेथे 'कॉनकॅट' हे फंक्शन वापरावे लागते आणि तेही एका 'नल'ने सारे उत्तर 'नल' करते. याच नावाचे फंक्शन एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीत आले. ते 'नल'ला रिकामी स्ट्रिंग मानते. ऑरॅकल तर या दोहोंत भेदच करत नाही.

'नल'च्या जागी रिकामी स्ट्रिंग देणारे 'कोअ‍ॅलेस' हे फंक्शन हा रूढ उपाय. पण मग नाव व आडनाव यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा उरतात. म्हणून मोकळी जागा आधी मधल्या नावालाच जोडावी आणि त्या जोडीला 'कोअ‍ॅलेस' लावावे. नावे गिळणारा नियमच येथे नको असलेली जागा गिळतो. ऑरॅकलमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि २०१७ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'कॉनकॅट-डब्ल्यूएस' हे फंक्शन 'नल' वगळून उरलेल्या भागांमध्ये एकेकच जागा सोडते. नोंद करणाऱ्याने रकान्यात 'नल'ऐवजी रिकामी स्ट्रिंग भरली असेल, तर मात्र ती जादा जागा पुन्हा उगवते.