नाव सांगा, प्रोग्राम हजर!

साकीनाक्याच्या चौकात संध्याकाळी एखाद्या वाण्याच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. गिऱ्हाइके दोन प्रकारची दिसतील. एक जण फळीवरच्या बरणीकडे बोट दाखवून ‘ते द्या’ म्हणतो. दुसरा नुसते नाव घेतो. गिऱ्हाईक रोजचे असेल तर ‘तू...’ एवढे ऐकताच वाणी तूरडाळ तोलायला घेतो. संगणकाकडून काम करून घेण्याच्याही याच दोन रीती आहेत. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत संगणक नाव घेण्याकडून बोट दाखवण्याकडे गेला आणि पुन्हा नावाकडे वळला. या प्रवासात आपल्या वर्गाच्या उपयोगाचे काही आहे का, ते पाहू.

साकीनाक्याहून साकीविहार रस्त्याने निघाले की पवई येते. तिथल्या आयआयटीत १९६७ च्या सुमारास मिन्स्क-२ हा सोव्हिएत संगणक आला. त्या पिढीच्या यंत्रांपुढे बसून कोणी प्रोग्राम ‘उघडत’ नसे. भोके पाडलेल्या कागदावर प्रोग्राम तयार करायचा, तो संगणक-कक्षात द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची, अशी रीत होती.

अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली वेगळी व्यवस्था करून दाखवली. एकाच संगणकाला टाइपरायटरसारखी अनेक यंत्रे जोडली आणि संगणकाचा वेळ सर्वांत वाटून दिला. आता माणूस यंत्रापुढे बसून प्रोग्रामचे नाव टाइप करी आणि प्रोग्राम चालू होई. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचे काम सुरू केले. तिच्यातील आज्ञांची नावे फार आखूड आहेत. यादी दाखवण्यासाठी ‘एल-एस’, नक्कल करण्यासाठी ‘सी-पी’, एवढीच. याचे एक कारण म्हणजे तेव्हाचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापी. लांब नाव म्हणजे बोटांना त्रास आणि वेळेचा अपव्यय!

या पद्धतीत एक अडचण होती. नाव पाठ असावे लागे आणि ते अचूक टाइप करावे लागे. एक अक्षर चुकले की संगणक अडून बसे. नवशिक्याची सुटका केली माउसने. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९८४ च्या मॅकिंटॉशने आणि पुढे विंडोजने तो घरोघर नेला. चित्र ओळखा, त्यावर नेमके टिचकी मारा, झाले काम. पाठांतराची गरज उरली नाही.

पण प्रोग्राम वाढत गेले. १९९५ च्या विंडोजमध्ये ‘स्टार्ट’ बटण आले. त्याच्या पोटात यादी, यादीच्या पोटात आणखी यादी. दुकानात बरण्या इतक्या झाल्या की बोट दाखवण्याआधी बरणी शोधण्यातच वेळ जाऊ लागला!

मग जुन्या रीतीला नवे रूप मिळाले. २००३ साली मॅकिंटॉशवर ‘क्विकसिल्व्हर’ हा छोटा प्रोग्राम आला. २००५ मध्ये ॲपलने स्वतःच ‘स्पॉटलाइट’ दिले. विंडोजसाठी ‘लाँची’ निघाला आणि २००७ च्या विंडोज व्हिस्टात स्टार्ट मेनूमध्येच शोधाची चौकट आली. अशा प्रोग्रामला लाँचर म्हणतात. तो आपल्या संगणकावरील प्रोग्रामांच्या नावांची यादी आधीच करून ठेवतो. आपण एकेक अक्षर टाइप करू तशी न जुळणारी नावे गळत जातात. आपण जे प्रोग्राम वारंवार उघडतो त्यांना अनेक लाँचर वरचा क्रमांक देतात. म्हणून दोन-तीन अक्षरांत काम होते. वाण्याला ‘तू’ पुरते, तसेच हे. नाव आता पूर्ण पाठ नसले तरी चालते.

यात वेळ खरोखर वाचतो का? १९८० साली स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी अशा कामांचा हिशेब करण्याची एक सोपी रीत मांडली. हात कळफलकावरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद, पडद्यावरील जागी बाण नेमका न्यायला सरासरी १.१ सेकंद आणि टिचकीला ०.२ सेकंद धरू. तीन पायऱ्यांच्या मेनूतून जायचे तर तीन वेळा नेम आणि टिचकी, म्हणजे ३.९ सेकंद. हात नेण्या-आणण्याचे ०.८ मिळवले की ४.७ सेकंद झाले.

लाँचरसाठी एक कळ त्याला बोलावण्याची, तीन अक्षरांच्या आणि शेवटी एंटर, अशा पाच कळा लागतात. मिनिटाला ४० शब्द टाइप करणारा माणूस, पाच अक्षरांचा एक शब्द धरल्यास, एका कळेला ०.३ सेकंद घेतो. त्याचे काम १.५ सेकंदात होते. पण कळफलकाची ओळखच नसलेल्या माणसाला त्याच तिघांच्या तक्त्यानुसार एका कळेला १.२ सेकंद लागतात. त्याचे पाच कळांचे ६ सेकंद होतात. माउसपेक्षाही जास्त! म्हणजे वेग लाँचरमध्ये कमी आणि बोटांत अधिक आहे.

ही बोटे तयार करण्याची परंपरा आपल्याकडे होती. पवईच्या पुढे विक्रोळी लागते. तिथल्या गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. त्यांचे उत्पादन २००९ साली थांबले. मधल्या काळात महाराष्ट्रातील टायपिंग क्लासांतून कितीतरी मुलामुलींनी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या शासकीय परीक्षा दिल्या आणि नोकऱ्या मिळवल्या. पुढे यंत्रे भंगारात गेली, परीक्षा संगणकावर आली. टंकलेखन म्हणजे कारकुनी, ते शाळेत कशाला शिकवायचे, अशी समजूत मात्र राहिली. मग मूल चित्रावर टिचकी मारायला पटकन शिकते, पण लिहायला बसले की एका बोटाने अक्षर शोधत राहते. जो क्लासची फी भरू शकतो त्याचेच मूल पुढे जावे, हे बरे नाही.

आपल्या शाळेत संगणक असेल तर हा प्रयोग जरूर करा. विद्यार्थ्यांच्या जोड्या पाडा. एकाने घड्याळ लावावे, दुसऱ्याने तोच प्रोग्राम पाच वेळा माउसने आणि पाच वेळा नावाने उघडावा. सरासरी काढून फळ्यावर मांडा. नंतर महिनाभर रोज १० मिनिटे दहा बोटांनी टाइप करण्याचा सराव द्या आणि पुन्हा मोजा. आकडे बदलले का, आणि कोणाचे किती, हे मुलांनाच सांगू द्या.